स्टारफील्ड: सुरुवातीचा पैसा दोन नंबरच्या मालातून

आपल्या नाशिकच्या गेमिंग ग्रुपवर हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणीतरी टाकतंच: स्टारफील्ड या अंतराळातल्या गेममध्ये सुरुवातीला क्रेडिट्स, म्हणजे तिथला पैसा, कुठून आणायचे? उत्तरात कोणी सांगतं बंदुका विका, कोणी सांगतं जहाजं पळवा. बंदुका विकून पैसा होतो, पण त्या उचलून उचलून पात्र धापा टाकायला लागतं. पळवलेलं जहाज विकण्याआधी नोंदवावं लागतं, आणि ती फी विक्रीच्या रकमेचा बहुतेक भाग गिळते. कॉन्ट्राबँडचं, म्हणजे बेकायदा मालाचं, तसं नाही. वजनाच्या मानाने भाव तगडा. अडचण एवढीच की तो कुठे विकायचा हे कळायला हवं.

आधी ओळख पटवा. इन्व्हेंटरीत ज्या वस्तूच्या नावापुढे पिवळं चिन्ह दिसतं तो कॉन्ट्राबँड. लाल चिन्ह असेल तर तो नुसता चोरीचा माल, त्याचे नियम वेगळे. काढलेले मानवी अवयव, सेंटियंट एआय अडॅप्टर, चोरीची चित्रं, वारून या पंथाचं धर्मबाह्य लिखाण, असला हा माल. स्पेसर आणि क्रिमझन फ्लीट या लुटारू टोळ्यांच्या अड्ड्यांवर, बेवारस जहाजांत आणि लढाईनंतर चढाई केलेल्या जहाजांत तो सापडतो. चढाई केली की कॅप्टनच्या लॉकरपर्यंत गेल्याशिवाय परतू नका. त्यासाठी डिजिपिक (कुलूप उघडायचं साधन) जवळ बाळगा आणि सिक्युरिटी स्किलचा एक पॉइंट लवकर घ्या.

आता विक्री. नवखे हमखास गोंधळतात ते इथे. माल हातात आला की ते थेट न्यू अटलांटिस गाठतात, कारण तेवढंच शहर ओळखीचं असतं. ते शहर ज्या ग्रहावर आहे त्या जेमिसनच्या कक्षेत शिरताच जहाजाचं स्कॅन होतं आणि माल जप्त. मंगळ, अकिला आणि निऑनकडे जातानाही हीच तपासणी. माल जहाजाच्या कार्गोतून काढून स्वतःच्या खिशात ठेवला तर वाचेल असं वाटतं, पण स्कॅनला तोही दिसतो.

यावर उपाय म्हणून लोक शील्डेड कार्गो (स्कॅनपासून माल लपवणारी कोठी), स्कॅन जॅमर (स्कॅनमध्ये अडथळा आणणारं यंत्र), डिसेप्शन स्किल यांच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत: सुरुवातीला यातल्या कशाचीच गरज नाही. वुल्फ या ताऱ्याच्या सिस्टीममध्ये चथोनिया ग्रहाभोवती फिरणारं ‘द डेन’ नावाचं स्टेशन आहे. तिथे स्कॅन होत नाही आणि आत ट्रेड अथॉरिटीचं दुकान आहे, जे कॉन्ट्राबँड आणि चोरीचा माल दोन्ही बिनबोभाट घेतं. वुल्फ ही कमी लेव्हलची सिस्टीम आहे, अल्फा सेंटॉरी (जेमिसनची सिस्टीम) आणि सोल (आपली सूर्यमाला) यांच्या जवळ. फक्त एक करा: माल गोळा करायच्या आधी एकदा रिकाम्या जहाजाने डेनला जाऊन या. जागा नकाशावर उघडली की पुढच्या वेळी माल घेऊन थेट तिथेच उडी मारता येते, वाटेत तपासणीच्या सिस्टीममध्ये थांबायची वेळ येत नाही. तरी निघण्याआधी सेव्ह करायची सवय ठेवा.

डेनला पोचल्यावर दुसरी भिंत लागते. विक्रेत्याकडे साधारण ११ हजार क्रेडिट्सच असतात. लासलगावला कांद्याची आवक वाढली आणि व्यापाऱ्याकडची रोकड संपली की जे होतं तेच इथे होतं: माल आहे, घेणारा आहे, पैसा नाही. म्हणून सगळ्यात महाग नग आधी विका, चोरीच्या किरकोळ बंदुका नंतर. तुम्हाला बंदुकीच्या गोळ्या आणि मेडपॅक (जखमा भरायचं औषध) लागणारच आहेत, ते त्याच दुकानातून घ्या. तुम्ही दिलेले क्रेडिट्स त्याच्या गल्ल्यात जातात आणि त्यातून तो तुमचे आणखी नग घेऊ शकतो.

गल्ला पुन्हा भरायला ४८ तास लागतात, तेही यूटीचे, म्हणजे युनिव्हर्सल टाइमचे, जो सगळीकडे एकच असतो. स्थानिक वेळ आणि यूटी यांत गल्लत करू नका. वाट पाहायच्या पडद्यावर दोन्ही दिसतात. खुर्चीत बसून २४ तासांचे फेरे मारा, यूटीचा आकडा पुढे सरकला की पुन्हा विक्री. शुक्रावर एक स्थानिक तास म्हणजे १०० यूटी तास, म्हणून अनेक जण वाट पाहायला तिथे जातात. पण शुक्र सोलमध्ये आहे, तेव्हा उरलेला माल घेऊन तिकडे जायची जोखीम कशाला? डेनमध्येच खुर्ची पकडा. मे २०२४ च्या अपडेटनंतर सेटिंगमध्ये विक्रेत्यांचे क्रेडिट्स वाढवायचा पर्याय आला आहे, पण त्याने गेमची सगळी चुरस जाते असं मला वाटतं.

भावाचं बोलायचं तर यादीत दिसणारी किंमत हातात येत नाही, त्याचा लहानसा हिस्साच येतो. कॉमर्स स्किलच्या पहिल्या रँकवर विक्री १० टक्के जास्त आणि खरेदी ५ टक्के स्वस्त होते. सोशल गटातलं पहिल्या पायरीवरचं स्किल आहे, लवकर घ्या. आणि निऑनवर अरोरा हा नशेचा पदार्थ विकत घेऊन बाहेर नफ्यात विकायचा मोह आवरा. अरोरा फक्त निऑनवर कायदेशीर आहे, बाहेर पडताच ती कॉन्ट्राबँड. खरेदी चढ्या भावाने, विक्री पडत्या भावाने, आणि वर स्कॅनचं झंझट. सापडलेला मालच फायद्याचा, विकत घेतलेला नाही.

पकडले गेलात तरी डोक्याला हात लावू नका. युनायटेड कॉलनीज या गेममधल्या सत्तेच्या हद्दीत अटक झाली तर ‘डीप कव्हर’ ही क्वेस्ट (मोहीम) सुरू होऊ शकते. तिच्यातून क्रिमझन फ्लीटचा तळ ‘द की’ गाठता येतो, आणि तिथे जॅझ या जहाज-तंत्रज्ञाकडे शील्डेड कार्गो आणि स्कॅन जॅमर मिळतात.

शील्डेड जहाज फुकटात हवं असेल तर मॅन्टिसची क्वेस्ट आहे. स्पेसरना मारताना ‘सीक्रेट आउटपोस्ट’ची चिठ्ठी मिळते, ती डेनेबोला १-बी या चंद्राकडे नेते. तिथल्या जमिनीवरच्या अक्षरांवर T-Y-R-A-N-N-I-S म्हणजे टी, वाय, आर, ए, एन, एन, आय, एस या क्रमाने पाय ठेवायचा. चुकलात तर टरेट्स (आपोआप चालणाऱ्या बंदुका) गोळ्या झाडतात. बक्षीस रेझरलीफ हे जहाज: क्लास ए, म्हणजे पायलटिंगचा पॉइंट लागत नाही, नोंदणीचा खर्च नाही आणि १६० क्षमतेचा शील्डेड कार्गो आधीपासून बसवलेला. मात्र तिथले शत्रू अगदी नवख्या पात्राला झेपत नाहीत. डेनच्या दोन-तीन खेपांतून आधी चांगली बंदूक आणि भरपूर मेडपॅक घ्या, मगच तिकडे वळा.