दहा किलो ओलं, किलोभर सुकं : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा ट्रे ड्रायरचा. औषध कंपन्यांची पावडर सुकवायची यंत्रं करायला बाबांनी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) शेड घेतली. समुद्राशी आमचा संबंध द्वारकेच्या दर्शनापुरता.

एकदा द्वारकेजवळच्या ओख्याकडचे एक ओळखीचे भाई समुद्री शेवाळाच्या चार ओल्या गोणी घेऊन आले. जातीचं नाव कप्पाफायकस. समुद्रात जाळीच्या नळ्यांत तुकडे भरून सोडायचे, पंचेचाळीस दिवसांत कापणीला येतं. म्हणाले, सुकवून बघा. दांडिया बाजारातल्या काकांना हे कळल्यावर त्यांनी लगेच इतिहास काढला : ओखामंडळ बडोदे संस्थानातच होतं आणि तिथल्या समुद्री जीवांची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेलकडून करून घेतली होती, अहवालाचा पहिला भाग १९०९ चा. अजूनही कोणी पाहुणा आला की काका हे ऐकवतात.

दहा किलो आत घातलं, किलोभर बाहेर आलं. ट्रेवर मिठाचा पांढरा थर. त्या मिठाने काही महिन्यांत ३०४ नंबरच्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या ट्रेना टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले. तेव्हापासून शेवाळाला फक्त ३१६ चं स्टील. महाग पडतं, पण इलाज नाही.

शेवाळातून हवेतला कार्बन साठवायचं खूळ धाकट्या बहिणीचं. ती केमिकल इंजिनिअर. शेवाळ पाण्यात विरघळलेला कार्बन घेतं आणि ती तूट पाणी हळूहळू हवेतून भरून काढतं, कधी कधी त्याला महिने लागतात. पण शेवाळ खाल्लं किंवा कुजलं, की तो कार्बन परत हवेत. टिकवायचा तर हवा न लागू देता भाजून कोळसा करायचा आणि मातीत घालायचा.

तिने कागदावर हिशोब मांडला. दहा टन ओल्यातून एक टन सुकं. त्यात साधारण पाव टन कार्बन, म्हणजे सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड. आणि आमचा ट्रक? ओखा ते बडोदा पाचशे किलोमीटरच्या वर. लिटरला पाच किलोमीटर धरले तरी शंभर लिटर डिझेल लागतं आणि एक लिटर जळलं की जवळजवळ २.७ किलो वायू निघतो. पावणेतीनशे किलो एकेरी फेरीतच गेले. रिकामा ट्रक परत जातो तो वेगळा. "दादा, तू पाण्याचं भाडं भरतोयस," ती म्हणाली. त्यात भट्टीत निम्मा-अधिक कार्बन वायू होऊन जातो, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुद्दाम, असा माझा संशय आहे.

मग शेवाळ तिथेच किनाऱ्यावर उन्हात वाळवायला लागलो. ड्रायर विकणाऱ्याने उन्हाची शिफारस करायची म्हणजे बाबांच्या भाषेत दिवाळखोरीची तयारी! पण बडोद्याला फक्त सुकं येतं आणि फेऱ्या कमी झाल्या.

पहिला कोळसा आईने मागच्या अंगणातल्या वांग्यांना घातला. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. आम्ही मीठ धुवायलाच विसरलो होतो. आता शेवाळ आधी गोड्या पाण्याने दोनदा धुतो. आईने मात्र कोळशाचा डबा अजून स्वयंपाकघराच्या दारात येऊ दिलेला नाही.

पैसा कोळशातून येत नाही, ड्रायर आणि फवारणीच्या रसातूनच येतो. ताजं शेवाळ दाबून रस पिकावर फवारायचा आणि चोथ्यातून कॅराजीनन (खाद्यपदार्थ घट्ट करणारा पदार्थ) काढायचं, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेची. रस काढायचं काम भाईच ओख्याला करतात. त्या रसातला कार्बन आम्ही हिशोबात धरत नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाला किती कार्बन साठवला याचं सर्टिफिकेट ओल्या वजनावर, म्हणजे पाणी धरून, हवं होतं. नाही म्हटलं, ऑर्डर गेली. दोन रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

आता प्रत्येक लॉटबरोबर सुकं वजन, कोळशाचं वजन आणि डिझेलचे लिटर असे तीन आकडे देतो. सध्या पावसाळा आहे. समुद्र खवळलेला, ओख्याच्या नळ्या आणि दोऱ्या वर काढून ठेवल्यात. भट्टीची जाळी बदलायला काढलीय आणि शेडमध्ये एका औषध कंपनीचे बारा ट्रे वेल्डिंगला लागलेत.