शिवणीचा बेस: पिकअप कोणते, ते एकदाचं ठरलं

मी स्वतःच बेस गिटार बनवतो आहे, मागच्या नोंदीत तिच्या बॉडीचा आकार कापून झाला होता, आता तिथून पुढं. शिवणीच्या दोन फळ्या सुतारभाऊंनी जोडून दिल्या, आणि वजन एवढं हलकं निघालं की सागवानाचा नाद सोडला ते बरंच झालं. इकडे ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात लाकूड म्हटलं की जो तो पहिले सागवानच सुचवते, पण सागवानाचा बेस गळ्यात अडकवून रात्रभर नाटकाला वाजवून दाखवा राजेहो, मग बोलू. मान जुन्या जॅझ कॉपीची (फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या नकलेची) आहे, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या), सरळ आहे म्हणून ठेवली. बाकी त्या कॉपीतलं काही कामाचं नव्हतं, पिकअप तर नाहीच.

तर आता पिकअप, म्हणजे तारांखालची चुंबक आणि कॉइलची जोडी, जी तारेच्या हालण्याचा सिग्नल करते. राऊटर (लाकडात खाच पाडायचं मशीन) एकदा चालला की खाच पडली, मग ती बुजवत कोण बसते, म्हणून आधी ठरवणं भाग होतं. आणि सरळच सांगतो, मी सुरुवात आवाजापासून नाही केली, लाइटीपासून केली. यूट्यूबवर हेडफोन घालून डेमो ऐकले तर सगळेच पिकअप भारी वाटते, स्टुडिओत कोणता पिकअप वाईट वाजते सांगा ना. आपल्याला वाजवायचं आहे मंडपात. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागते तो होळीपर्यंत, शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या गावात रात्री नाटक आलंच, शिवाय १४ एप्रिलची भीमगीतं, गणपतीतले कार्यक्रम. रंगमंचापुढं ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि मी असे दाटीवाटीनं बसून, डोक्यावर एलईडीचे पार दिवे, आणि लाइट, मिक्सर, अ‍ॅम्प, कधी कधी चहावाल्याचा बल्बसुद्धा एकाच केबलवर. उन्हाळी धानाला पाणी सुरू असलं की डीपीवर मोटारींचा लोड येते आणि व्होल्टेज बसते, मग जनरेटर. अर्थिंग म्हणजे एक सळई ओल्या मातीत खोचलेली, तीही असली तर.

अशा ठिकाणी सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, गुणगुणते (यालाच हम म्हणते), आणि बेसवाल्याला हा त्रास गिटारवाल्याहून जास्त आहे. कसा ते बघा. आपल्या लाइटीची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ४९ हर्ट्झ. मोकळी जी तार ९८, आणि हमची दुसरी पट १००. म्हणजे हम येऊन बसते ते नेमकं आपल्याच सुरांच्या घरात. साऊंडवाला म्हणते काही टेन्शन नाही, मिक्सरवरून काढून देतो, आणि खालचं कापते, त्यात हम जाते आणि बेसपण जाते, मग आपण तिथं काहून बसलो? गिटारवाल्याची खालची ई ८२ पासून सुरू होते, त्याचं ५० कापलं तरी त्याचं काही बिघडत नाही. त्यात गायक पांढरी पाचमध्ये (म्हणजे जी पट्टीत) गात असला तर बघायलाच नको, तुम्ही खालचा जी लांबवला की मागून हम त्याच्याशी भांडते, सेकंदाला एक असा हेलकावा येत राहते, आणि ऑर्गनवाला तुमच्याकडं बघते की तार उतरली का म्हणून.

म्हणून पहिली अट एकच ठेवली, व्हॉल्यूमचा नॉब कुठंही असो, हम नको. ही अट लावली की अर्धे पर्याय आपोआपच गळतात. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ ला आला तेव्हा त्यात साधा एक सिंगल कॉइल होता, १९५७ ला त्याचे दोन तुकडे केले (हाच पी पिकअप), एक ई-ए तारांखाली, एक डी-जी खाली. दोन्हीचे चुंबक एकमेकांच्या उलट आणि कॉइलची जोडणीपण उलट. तारेच्या सिग्नलसाठी दोन उलट मिळून सुलट होते, पण बाहेरून घुसलेल्या हमला चुंबकाशी काही देणंघेणं नसते, तो एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा येते आणि तिथंच कटते. एवढी साधी युक्ती आहे आणि आजही तोडीस तोड आहे. जॅझ बेस १९६० चा, दोन सिंगल कॉइल (हे जे पिकअप), त्या एकमेकींच्या उलट असल्या तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवून तेच गणित लागते. पण एक नॉब जरा खाली घेतला की हम परत सुरू, आणि जॅझ बेसची खरी मजा तर एक नॉब खाली घेण्यातच आहे! दोन जे लावणाऱ्या जेजेवाल्यांनी चिडू नये, घरी वाजवायला मलापण तोच आवडते. मंडपात नाही.

आता जागा. कोणता पिकअप यापेक्षा पिकअप कुठं, यानं आवाज जास्त बदलते असं माझं मत आधीपासून होतं, ते या वेळी करूनच बघितलं. भंगारातली पाइनची फळी घेतली, तिला मान बोल्ट केली, ब्रिज ठोकला, आणि दोन्हीच्या मधात एकच लांब खाच कोरली, मानेपासून ब्रिजपर्यंत. त्या खाचेत पिकअप एका पट्टीवर ठेवून तारांखाली पुढं-मागं सरकवायचा. पट्टीखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून उंची सारखी केली, शेवटचं फ्रेट दाबल्यावर तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपच्या चुंबकी खुंट्या) साधारण तीन मिलिमीटर, कारण पिकअप जवळ-दूर झाला की आवाज कमीजास्त होते आणि मग जागेचा फरक कळतच नाही. फळीवर पेन्सिलच्या खुणा, प्रत्येक खुणेवर तीच ओळ, तेच बोट, तोच अ‍ॅम्प, नॉबला हात नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी खुणा न बघता ऐकलं.

मानेकडं आवाज गोल, भरदार, एकट्यानं वाजवताना हाच सगळ्यात गोड लागते. पण मंडपातल्या बॉक्समधून हाच आवाज गडगड होऊन जाते, तबल्याचा डग्गा आणि ऑक्टोपॅडची किक वाजली की बेस आहे की नाही ते कळत नाही. ब्रिजकडं नेला की आवाज कडक आणि थोडा नाकातला, कारण तिथं तार हालतेच कमी, मूळ सूर कमी आणि वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) त्या मानानं जास्त. जॅको पास्टोरियस या बेसवादकाचा तो बोलका आवाज ब्रिजच्याच पिकअपचा. काही जण अमक्या हार्मोनिकच्या बिंदूवर पिकअप ठेवा म्हणून सांगते, ते गणित मोकळ्या तारेपुरतं खरं, बोट फ्रेटवर पडलं की तारेची लांबी बदलली आणि बिंदू सरकला, त्यामुळं मी ते सोडून दिलं.

फळीवर मला सगळ्यात मोठा फरक सापडला तो पीच्या दोन तुकड्यांची अदलाबदल करण्यात. नेहमीच्या पीमध्ये ई-एचा तुकडा मानेकडं आणि डी-जीचा ब्रिजकडं असते. त्याला उलटवलं, ई-ए ब्रिजकडं आणि डी-जी मानेकडं. ई तार एकदम आवरल्यासारखी झाली, गडगड गेली आणि सुरुवातीचा ठोका कळायला लागला, आणि डी-जी जी नेहमी पातळ वाटायची ती जाडसर झाली. आमच्या गाण्यांत बेसचं निम्म्याच्या वर काम ई आणि ए वरच चालते, त्यामुळं हा सौदा फायद्याचा. ज्याला जुना मोटाऊनवाला (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी) पसरट आवाज पाहिजे त्यानं उलटवू नये, तिथल्या जेम्स जेमरसन या बेसवादकाचा प्रिसिजन काही उलटा नव्हता. पण त्याच्या डोक्यावर जनरेटरपण नव्हता.

मधात म्युझिक मॅनच्या स्टिंगरे बेससारखा एकच मोठा हमबकर (हम कटवणारा दोन कॉइलचा पिकअप) लावायचं लय मन झालं होतं. १९७६ चं डिझाइन, हम नाही, खाच एकच, आवाज खणखणीत. पण त्या आवाजातला मोठा वाटा आतल्या अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्पचा आहे, नुसता पिकअप लावून तो आवाज पूर्ण येत नाही, आणि प्रीअ‍ॅम्प म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी. ती संपत आली की आधी आवाज फाटते मग बंदच होते, आणि रात्री दोन वाजता दुसऱ्या अंकात चौकोनी बॅटरी कोणत्या पानठेल्यावर भेटते? जॅकमधून पिन काढायची सवय नसली तर ती घरी पडल्या पडल्यापण उतरत राहते, कारण पिन आत असली की सर्किट चालूच. पॅसिव्हच (बिनाबॅटरीचा) बरा.

म्हणजे उलटा पी, आणि सोबत ब्रिजला एक जे. पीजे म्हटलं की दोन भानगडी येते. एक म्हणजे साधा जे सिंगल कॉइल, पी बिनाहमचा पण जे उघडला की हम हजर, मग एवढा उपद्व्याप केला कशाला. म्हणून जे घेतला तो आतून दोन कॉइलचा, एका रांगेत दोन-दोन तारांसाठी, बाहेरून माप तेच, डिमार्झिओचा मॉडेल जे हा त्याच जातीतला. दुसरा प्रकार एकावर एक कॉइलचा असते, पण माझ्या कानाला त्यात वरचा कुरकुरीतपणा जरा कमी लागला, इथं मतं वेगळी असू शकते. दुसरी भानगड जोराची. पी दांडगा आणि जे बारका, दोन्ही सोबत उघडले की जोडीतला एक बैल ओढते आणि दुसरा नुसता सोबत चालते. त्यावर उपाय म्हणजे जे तारांच्या जरा जवळ, पी थोडा खाली, आणि पी फार गरम (जास्त वेढ्यांच्या) गुंडाळीचा घ्यायचाच नाही. जेची जागा साठच्या दशकातल्या जॅझची ठेवली, सत्तरच्या दशकात फेंडरनं तो साधारण एक सेंटीमीटर ब्रिजकडं सरकवला होता, तो आवाज माझ्या फळीवर लयच टणक आला.

वायरिंग साधंच, दोन व्हॉल्यूम, एक टोन, २५० के चे पॉट (नॉबखालचे बदलते रेझिस्टर), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वेगवेगळ्या कंपनीचे पी आणि जे जोडताना फेज बघा, म्हणजे दोघांचा सिग्नल एकाच दिशेनं हालते का ते. दोन्ही पूर्ण उघडल्यावर आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला, खालचं गायब झालं, तर एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, बस. खाचेत कॉपर टेप लावणार आहे, पण टेपकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. टेप डिमर आणि एलईडीची चरचर अडवते, ट्रान्सफॉर्मरचा चुंबकी हम तिच्यातून आरपार जाते. कोणता त्रास आहे ते ओळखायचं सोपं आहे. बेस घेऊन जागेवरच गोल फिरा, दिशेप्रमाणं आवाज कमीजास्त झाला तर तो कॉइलचा हम. तारांना हात लावल्यावर कमी झाला तर शील्डिंग-ग्राउंडचं काम बाकी आहे.

आणि हे पिकअपचं नाही पण सांगतो, तारा ब्रिजवरून ग्राउंडला जोडलेल्या असते, म्हणजे अर्थिंग खराब असलेल्या अ‍ॅम्पची बॉडी करंट मारत असली तर तो करंट तारांवर येते. माईकला ओठ लागला आणि हात तारांवर असला की झटका. हम नाही म्हणजे अर्थिंग बरोबर आहे असं नाही. मी तर टेस्टर खिशात घेऊनच बसतो, अ‍ॅम्पच्या स्क्रूला आणि माईकच्या जाळीला लावून बघितल्याशिवाय पिन टोचत नाही, पोट्टे हसते तर हसू द्या.

सध्या पीची खाच पाडून झाली, १२ एमएम प्लायचं टेम्प्लेट करून, थोडं थोडं खाली घेत २० मिलिमीटर खोल. शिवण मऊ आहे, राऊटरचा बिट नवा नसला तर कडेला रेषा उचकटते, म्हणून कडेवर आधी ब्लेडनं रेघ मारून घेतली. जेची खाच अजून नाही पाडली. आधी ब्रिज बसवतो, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून पोलपीस तारांखाली येते का बघतो, मगच राऊटर. तारा फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) लावायच्या की राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) हे राहिलं आहे. उलट्या पीवर फ्लॅट लावून कोणी मंडपात वाजवलं असेल तर ई तार जास्तच दबते का, एवढं सांगा.