रॅम्पचा आवाज

गोव्यातल्या चोडण बेटावरून रायबंदरला फेरीबोटीने यायला फारसा वेळ लागत नाही. पण दहा वर्षांची ही मुलगी जुलैपासून फेरीत पाय ठेवत नव्हती. घरी तिला बाय म्हणतात, मीही तेच म्हणते. बाकी ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. शाळा पणजीला. त्यामुळे पहाटे अंधारात उठायचं आणि बाबांच्या गाडीतून मयेवरून डिचोलीला वळसा घालून यायचं, हा नेम झाला होता. पाऊस गेला, दिवाळी झाली, तरी वळसा सुटेना, तेव्हा आई आणि आजी तिला घेऊन माझ्याकडे आल्या. मी पणजीत मुलांचं समुपदेशन करते.

घडलं होतं ते एवढंच. भर पावसात ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसून फेरीतून उतरत होती. ओल्या लोखंडावर चाक सरकलं आणि दोघंही पडली. कोपर खरचटलं, बाकी लागलं काही नाही. पण ती खाली पडलेली असताना पाण्याच्या हेलकाव्याने फेरीचा रॅम्प, म्हणजे गाड्या चढ-उतरायची लोखंडी फळी, उचलला गेला आणि धक्क्यावर आपटला, तिच्या अगदी कानाशी. तेव्हापासून तो आवाज नको. मग दुकानाचं शटर नको, शाळेच्या फाटकाचा अडसर नको. पुढे पुढे शेजारी गॅसचा सिलिंडर फरशीवरून सरकवला तरी ती आईच्या पदराआड जायची.

मानसशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे ऐकून १९२० सालचा जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांचा प्रयोग आठवेल. अकरा महिन्यांच्या अल्बर्टला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. तो उंदराला हात लावायला गेला की मागे पोलादी कांबीवर हातोडा मारायचे. थोड्याच दिवसांत मूल नुसत्या उंदरालाच घाबरून रडायला लागलं. मग ससा, कुत्रा, केसाळ कोट, सगळ्यांनाच. भीती शिकवता येते आणि ती एका वस्तूवरून दुसरीवर पसरते, हे त्यातून दिसलं. पण ती घालवण्याचा प्रयत्न न होताच अल्बर्ट रुग्णालयातून गेला. मला त्या प्रयोगाचा आजही राग येतो.

आजींना उपाय आधीच माहीत होता. "मॅडम, तिला झोपवा आणि झोपेतच भीती काढून टाका. आबे फारिया करायचे तसं." जुन्या सचिवालयाजवळचा तो पुतळा त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या: पुढ्यात कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात पसरलेले फारिया. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा आहेच तसा, बघणाऱ्याला वाटावं की सगळी ताकद त्या हातांत आहे. मी आजींना म्हटलं, "आजी, फारिया स्वतः याच्या उलट सांगायचे." कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये लोकांना संमोहनाच्या झोपेत नेऊन दाखवायचा. त्या काळी मेस्मेरच्या अनुयायांचं म्हणणं असं, की उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकी प्रवाह वाहतो. फारियांनी ते साफ नाकारलं. माझ्यात काही शक्ती नाही, जे होतं ते समोरच्या माणसाच्या एकाग्रतेने आणि त्याच्याच मनात होतं, हे त्यांनी १८१९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. आजी ऐकून घेत होत्या. "म्हणजे बायनेच करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बायनेच. आपण सोबत असायचं."

कसं करायचं, ते मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने दाखवून ठेवलं आहे. वॉटसनचं व्याख्यान ऐकून तिला प्रश्न पडला: भीती लावता येते, तर सोडवता का येणार नाही? १९२४ मध्ये तिने पीटरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षं दहा महिन्यांचा हा मुलगा सशाला घाबरायचा. जोन्सने ससा पिंजऱ्यात घालून आधी बारा फुटांवर ठेवला, मग चार, मग तीन. पीटर आवडीचं काही खात असताना ससा थोडा जवळ यायचा, तो अस्वस्थ झाला की मागे जायचा. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही ती खोलीत आणायची. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. पुढे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पेने मांजरांवरच्या प्रयोगांतून आणि मग माणसांसोबत हीच वाट पद्धतशीर बांधली. १९५८ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्यानेच जोन्सला वर्तनोपचाराची आई म्हटलं. तरीही पाठ्यपुस्तकांत अल्बर्टला पान मिळतं आणि पीटरला चार ओळी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी पीटर शिकवते.

बायसोबत मी पायऱ्या ठरवल्या. भीतीचं मीटर शून्य ते दहा. पहिल्यांदा मोबाइलवर रॅम्पचा आवाज, अगदी बारीक. मग जरा मोठा. मग शेजारच्या दुकानाचं शटर, आधी रस्त्यापलीकडून. तोंडात जत्रेतलं खाजं. तिला ते फार आवडतं. आकडा तीनवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. असं करत एका शनिवारी आम्ही रायबंदरच्या धक्क्यावर पोचलो. बाय, तिची आई आणि मी. बाबा गाडीतच थांबले.

सुरुवात छान झाली. रस्त्याच्या कडेला उभं राहून दोन फेऱ्या येताना-जाताना पाहिल्या, मीटर तीन. थोडं पुढे गेलो, चार. बाय खाजं चघळत होती आणि कुठल्या फेरीत किती दुचाकी चढल्या ते मला सांगत होती. तेवढ्यात चिऱ्यांनी भरलेला ट्रक उतरला. त्याची मागची चाकं सुटताच रॅम्प एकदम हलका झाला, वर उसळला आणि आपटला. त्या आवाजाने मीसुद्धा दचकले. बायने दोन्ही कान झाकले, खाजं हातातून पडलं आणि ती थेट रस्त्याकडे पळाली.

पीटरचंही असंच झालं होतं. मध्येच तो स्कार्लेट फीवरने आजारी पडला आणि रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर धावून आला. सगळी कमाई गेली, सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी. जोन्सने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आई म्हणाली, "मॅडम, आज राहू दे, घरी जाऊ." तिचा जीव तुटत होता, आणि कुठल्याही आईचा तुटेल. पण मीटर नऊवर असताना घरी नेलं, तर मुलगी एकच गोष्ट शिकून जाते: पळालं की बरं वाटतं. मी म्हटलं, "जायचं आहेच. फक्त आकडा खाली आल्यावर जाऊ." आम्ही सुरुवातीच्या जागी परत गेलो. मी खाजं पुढे केलं, तिने मान फिरवली. पुडी लगेच पिशवीत टाकली. जोन्सने हा इशारा देऊन ठेवला आहे: भीती जास्त झाली, तर सशाची गोडी लागायच्या ऐवजी खाऊचीच भीती बसेल.

नऊ. मग आठ. नुसतं उभं राहणं. मी बोलत नव्हते. आकडा सहावर आला असेल, तेव्हा तिचं लक्ष एका मुलाकडे गेलं. तिच्याच वयाचा, पाठीला दप्तर, सोबत टोपली घेतलेली आई. फेरी लागलेली होती. पाण्याने रॅम्प वर उचलला की हा पोरगा त्याच्यावर उडी मारायचा, अशी की पाय आणि लोखंड एकदमच टेकावेत. आई ओरडत होती, त्याला पर्वा नव्हती.

"त्याला ऐकू येत नाही का?" बायने मला विचारलं.

"त्यालाच विचार."

मला वाटलं नव्हतं ती जाईल. ती गेली, रॅम्पपासून पाच-सहा पावलांवर थांबली आणि तिथूनच विचारलं. पोरगा म्हणाला, "येतं की. म्हणून तर उडी मारतो."

बाय त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली आणि चपलेची टाच रॅम्पच्या कडेवर आपटली. ठण्. पुन्हा आपटली, अधिक जोरात. फेरीवरच्या माणसाने हात करून मागच्या स्कूटरवाल्याला थांबवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. आता आवाज ती काढत होती. कधी होणार, किती मोठा होणार, हे तिच्या हातात होतं. कुठल्याही पुस्तकात वाचून मी ही पायरी ठरवलेली नव्हती. पण न घाबरणाऱ्या मुलाचा उपयोग जोन्सने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता, हे मात्र तिथे उभ्या उभ्या मनात आलं.

आम्ही चढलो. खरी परीक्षा पलीकडच्या काठाला होती. सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी जवळ आली, तशी तिने माझं मनगट धरलं. रॅम्प खाली यायला लागला. ती डोळे न मिटता त्याच्याकडे बघत होती, आणि तो टेकायच्या बरोबर आधी म्हणाली, "आत्ता." मीटर सात. उतरलो नाही, त्याच फेरीने परत. मग पुन्हा पलीकडे. आकडा तीनवर आला तेव्हा दुपार झाली होती. मध्ये एकदा पुडी तिने स्वतःच मागून घेतली.

शेवटच्या फेरीला चोडणला घरीच जायचं ठरलं. बायने बाबांना हाक मारली, "बाबा, गाडी आत घ्या ना!" फेरीत जागा होती. बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी डिचोलीवरून येतो."

सोमवारी त्यांचा फोन आला. मला वाटलं, बायची पुढची वेळ हवी असेल. ती हवी होतीच. पण अडखळत त्यांनी आणखी एक वेळ मागितली, स्वतःसाठी. जुलैपासून स्कूटर मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, चाकातली हवाही गेली असेल, म्हणाले. ताडपत्री काढून चाकात हवा भरून आणायची, ही त्यांची पहिली पायरी आम्ही फोनवरच ठरवली.