खेड्यात घर स्वस्त असतं का? ब्राऊन काउंटीचा हिशोब

परवा मावशीचा फोन आला होता. आम्ही अजून भाड्यानेच राहतो हे तिला पटत नाही. म्हणाली, अगं ते जंगल दाखवलं होतंस ना फोटोत, तिकडे घ्या की घर, खेडंच आहे ते, स्वस्तात मिळत असेल. मी तिला म्हटलं मावशी, दीड वर्ष तेच बघत होतो गं. पण फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितीये.

आम्ही राहतो कोलंबसला. ओहायोतलं नाही, इंडियानातलं. पुण्याच्या लोकांना हे गाव कमिन्समुळे माहीत असतं, कंपनी १९१९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९६२ पासून पुण्यात किर्लोस्कर कमिन्स आली, त्यामुळे गणपतीला इथे आरतीला माणसं कमी पडत नाहीत. कोलंबसमधून स्टेट रोड ४६ धरून पश्चिमेला निघालं की अर्ध्या तासात नॅशव्हिल लागतं (हेपण गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं टेनेसीतलं नाही, छोटंसं गाव), ते ब्राऊन काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. अख्ख्या काउंटीत माणसं साडेपंधरा हजारांच्या आसपास. बाकी सगळे डोंगर, ओक आणि मेपलची झाडी, ऑक्टोबरमध्ये पानं लाल-पिवळी झाली की इंडियानापोलिस, सिनसिनाटीहून गाड्यांची रांग लागते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताम्हिणीची आठवण येऊन गळा दाटला होता, खरं सांगते. तिथेच राहायचं असं तेव्हाच मनात घेतलं.

मग आकडे काढले. इथे परवडतं की नाही मोजायची सगळ्यात सोपी पट्टी म्हणजे ३० टक्के. कापाकापीच्या आधीच्या पगारातले ३० टक्क्यांपर्यंत घरावर गेले तर ठीक, त्याच्या वर गेले तर घराचा बोजा, ५० च्या वर गेले तर फार मोठा बोजा. सरकारी भाड्याच्या घरांसाठी १९६९ मध्ये ही मर्यादा २५ टक्के होती, १९८१ मध्ये ३० केली. ही पट्टी लावली तर ब्राऊन काउंटी कागदावर बरी दिसते. पण एकेक आकडा हातात घेऊन बघायला लागले तसं कळलं की खेड्याच्या बाबतीत हे आकडे फार अलगद धरायला पाहिजेत.

एक तर जनगणनावाल्यांचा जो वार्षिक सर्व्हे असतो तो ६५ हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीसाठी एका वर्षाचा आकडा देतच नाही, पाच वर्षांची सरासरी देतो. म्हणजे २०२१ मध्ये होम लोन ३ टक्क्यांच्या खाली होतं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ८ ला टेकलं, हे दोन्ही काळ एकाच आकड्यात कालवलेले. अडीच लाख डॉलरचं लोन तीस वर्षांसाठी घेतलं तर ३ टक्क्यांनी हप्ता येतो १,०५४ डॉलर, ७ टक्क्यांनी १,६६३. तेच घर, तीच किंमत आणि महिन्याला सहाशे डॉलरचा फरक! शिवाय घराची किंमत म्हणून जो आकडा येतो तो घरमालकाने स्वतःच्या अंदाजाने सांगितलेला असतो, आणि भाड्याच्या आकड्यात दहा-दहा वर्षं एकाच घरात राहणारे जुने भाडेकरूपण आले, आज नव्याने शोधायला गेलं तर त्या भाड्यात काहीही मिळत नाही.

रिकाम्या घरांचंही तसंच. आकड्यात रिकामी घरं भरपूर दिसतात. मला वाटलं वा, म्हणजे चॉइस आहे. पण सुट्टीपुरतं वापरायचं लाकडी केबिन असेल तर तेही रिकाम्यातच मोजतात. मुळशीला पुणे-मुंबईवाल्यांची फार्महाऊस असतात ना कुलूप लावलेली, तसंच. वीकेंडला तीच केबिन भाड्याने जातात, आणि दोन-तीन वीकेंडमध्ये जेवढं मिळतं तेवढं वर्षभराच्या भाडेकरूकडून महिन्यात मिळत नसेल तर मालक वर्षभराचा भाडेकरू कशाला ठेवेल? मालकाला दोष देत नाही मी, पण तिथल्याच हॉटेलात प्लेट उचलणाऱ्या मुलीने राहायचं कुठे? इंडियानात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच, आणि टिप मिळणाऱ्यांना मालकाने २.१३ दिले तरी चालतात, फक्त टिप धरून ७.२५ भरले पाहिजेत. जमीन पण मोकळी नाही, जवळजवळ १६ हजार एकरांचं स्टेट पार्क, वर यलोवुडचं सरकारी जंगल, हूझियर नॅशनल फॉरेस्टचा तुकडा. उरलेल्यात डोंगरउतार.

आणि उत्पन्न कोणाचं धरायचं? मोजणीत ही काउंटी इंडियानापोलिसच्या मेट्रोमध्ये, म्हणजे शहर आणि आजूबाजूचा सगळा भाग यात मोडते, त्यात कार्मेलसारखी पैसेवाली शहरं येतात. त्या अख्ख्या मेट्रोची मीडियन इनकम, म्हणजे निम्म्या घरांचं ज्याच्या वर आणि निम्म्यांचं खाली असतं ते उत्पन्न, लावली तर नॅशव्हिलचं घर अगदी आवाक्यातलं वाटेल. काउंटीची लावली तरी त्यात बाहेर नोकरी करणारे, रिटायर होऊन आलेले धरलेलेच. काउंटीच्या आत जे पगार मिळतात ते वेगळेच. मी आता कुठलाही टक्का वाचला की आधी विचारते, वर कोणाचं घर आणि खाली कोणाचा पगार.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण माझ्या ऑफिसात शिपिंगला एक बाई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, त्या ब्राऊन काउंटीच्या पार दक्षिणेच्या टोकाला भाड्याच्या मोबाइल होममध्ये राहतात. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बनवून ट्रकवरून आणून ठेवलेलं घर. जानेवारीत मी त्यांना सोडायला गेले होते, त्यांची गाडी गॅरेजला होती. घरात शिरायच्या आधी त्या मागच्या अंगणात गेल्या, तिथे प्रोपेनची मोठी टाकी असते, लांबट, पांढरी, बर्फात अर्धी बुडालेली. वरचं पत्र्याचं झाकण उचललं, हातमोजा काढून अंगठ्याने काचेवरचं दव पुसलं, काटा २० टक्क्यांच्या खाली. काही बोलल्या नाहीत, झाकण परत लावलं. आत आल्यावर हीटर ६२ फॅरनहाइटवर (साधारण १७ सेल्सिअस) आणि सोफ्यावर दोन गोधड्या. त्यांची गॅस कंपनी दीडशे गॅलनपेक्षा कमी गॅस मागवला तर वेगळा चार्ज लावते, म्हणजे एकदम पावणेचारशे डॉलर हातात पाहिजेत.

चहा घेता घेता आम्ही पाकिटाच्या मागे हिशोब मांडला. त्यांनीच परवानगी दिलीये लिहायला. पगार वर्षाला ४२ हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. भाडं ७५०. वीज आणि प्रोपेन वर्षभराचं वाटून महिन्याला २५०. झाले हजार. म्हणजे २९ टक्क्यांच्या आत, पट्टीप्रमाणे घर परवडतंय! मग गाडी धरली. घर ते ऑफिस एका बाजूने ३० मैल, रोज ६०, वर्षाचे २५० दिवस, १५ हजार मैल. इथलं टॅक्स खातं कामासाठी गाडी वापरली तर २०२५ ला मैलाला ७० सेंट धरत होतं, पेट्रोल, विमा, टायर, गाडीची झीज सगळं मिळून. त्या दराने वर्षाला १०,५०० डॉलर, महिन्याला ८७५. घर आणि गाडी मिळून १,८७५, पगाराच्या ५३ टक्क्यांच्याही वर. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजीने घर आणि प्रवास एकत्र मोजायची पट्टी काढलीये, त्यांची मर्यादा ४५ टक्के. माझ्या मते खेड्यासाठी हीच पट्टी लावली पाहिजे, कारण इथे ठरलेल्या वेळेची बस नाही, एसटी नाही, रिक्षा नाही, गाडी बंद पडली की नोकरी बंद. त्या बाई पाकिटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मला वाटायचं मीच उधळी आहे. मला फार वाईट वाटलं.

आमचं म्हणाल तर एक घर जवळपास ठरलं होतं. टेकडीवर, मागे ओढा. पण सेप्टिक टँक जुना, माती तपासणाऱ्या माणसाने सांगितलं की खाली खडक लवकर लागतोय, साधं सेप्टिक पास होणार नाही, मातीचा उंचवटा घालून करावं लागेल, वीस हजार डॉलरच्या वर. डाऊन पेमेंटसाठी साठवलेल्यातून ते जमत नव्हतं, सोडून दिलं. मावशी, म्हणून नाही घेतलं गं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्यांना माहीत नसते. इथल्या शेती खात्याचं, हो शेती खात्याचंच, घरासाठी लोन असतं, १९४९ च्या हाऊसिंग कायद्यातलं कलम ५०२. खेड्यातल्या घराला डाऊन पेमेंट शून्य. कमी उत्पन्नवाल्यांना खातं स्वतः लोन देतं, ३३ वर्षांसाठी, अगदीच कमी असेल तर ३८, आणि सबसिडी धरून व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. आणि इंडियानात स्वतः राहत असलेल्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स साधारणपणे किमतीच्या १ टक्क्यावर जात नाही, भाड्याने दिलेल्या घराला मर्यादा २ टक्के, म्हणजे भाडेकरू तोही टॅक्स भाड्यातून भरतच असतो. त्या बाईंना यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं, बावीस वर्षं भाडं भरतायत. आता आम्ही दोघी मिळून त्या लोनचा फॉर्म भरतोय. ऑफिसच्या जवळ, त्याच काउंटीच्या पूर्वेच्या कडेला एखादं छोटं घर मिळालं तर रोजचे तीस-पस्तीस मैल तरी वाचतील. शनिवारी त्या पगाराच्या स्लिपा आणि मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न घेऊन माझ्याकडे येणारेत, मी साबुदाण्याची खिचडी करणारे.