कैरोचा गालिचा, मिनियापोलिसमध्ये

मिनियापोलिसचा आठवडा बर्फ, ताईकडची जेवणं आणि मॉल यांत गेला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचंय ते एका चित्राबद्दल. इथल्या कलासंग्रहालयाला सगळे ‘मिया’ म्हणतात आणि आत जायला एक डॉलरही लागत नाही. डॉलरचे रुपये करत बसणारी आमची आई त्यामुळे खुशीत होती.

ज्याँ-लेऑन जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं ‘गालिच्यांचा व्यापारी’, साधारण १८८७ चं. कैरोतला गालिचाबाजार. वरून एक भलाथोरला गालिचा खाली सोडलाय, पायाशी आणखी पसरलेत, आणि पागोटी-झग्यांतली माणसं माल निरखताहेत. कुंचल्याचा फटकारा शोधूनही सापडत नाही. लक्ष्मी रोडवर साडी उलटी करून वीण तपासल्याशिवाय न घेणारी आई पार जवळ गेली. “माल अस्सल आहे गं,” म्हणाली. मग थांबून, “पण हे काढणारा कुठे उभा होता? बाजारात परका माणूस शिरला की सगळे आधी त्याच्याकडे बघतात. इथे कुणाला त्याचा पत्ताच नाही.”

मी बाकावर बसून राहिले. आई बोलली ते शंभर टक्के खरं होतं. १८८२ मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली होती. थॉमस कुकच्या आगबोटी नाईलवर पर्यटक फिरवत होत्या. जेरोम स्वतः १८८५ मध्ये या बाजारात जाऊन आला होता. त्याची असली चित्रं पुरी व्हायची ती पॅरिसच्या स्टुडिओत, तिकडून आणलेले कपडे, वस्तू, फोटो समोर ठेवून. तरी चित्रात एकही युरोपियन नाही. मला याचा रागच आला. ते गिऱ्हाईक पुसून टाकलं, की बाजार शतकानुशतकं तस्साच राहिल्यासारखा दिसतो, आणि पॅरिसमध्ये चित्र विकत घेणाऱ्याला तेच हवं असणार. राग येऊनही डोळे त्या गालिच्यावरून हलत नव्हते, इतका तो सुंदर रंगवलाय.

कॉफी घेताना आईला फोनवर दुसरं चित्र दाखवलं. उस्मान हमदी बे, इस्तंबूलचा, पॅरिसला शिकलेला. १८८८ चं त्याचं हे चित्र बर्लिनच्या नॅशनलगॅलरीच्या संग्रहात आहे. इथेही गालिचेवाला, मात्र रस्त्यावरचा, आणि माल बघायला आलंय एक युरोपीय कुटुंब. हमदी इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचा संचालक होता. पुराणवस्तू देशाबाहेर न्यायला बंदी करणारा १८८४ चा कायदा त्याच्याच पुढाकाराने झाला. काय विकलं जातं, कोण उचलून नेतं, हे त्याने जवळून पाहिलं होतं.

आईने फोन हातात घेऊन चित्र मोठं केलं, बराच वेळ पाहिलं. “हा खरा बाजार,” म्हणाली.

ही दोन चित्रं एकदा तरी एका भिंतीवर शेजारी शेजारी लागायला हवीत. लागली, तर तिकीट काढूनही आम्ही दोघी जाऊ.