मावशींनी सांगितलेला फोटो

परवा यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात एका मावशींना त्यांच्या फोटोचा प्रिंट द्यायला गेलो होतो. त्यांचा फोटो मी तीन वर्षांआधीही काढला होता, कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला त्याला तेव्हा सहा महिने झाले होते, आणि मी काय केलं तर भिंतीवरची हार घातलेली फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज आलं त्या काळापासून कॅमेरेवाले इकडं येतायत आणि कितीतरी जणांनी हाच फोटो काढलाय.

मागच्या डिसेंबरात गेलो तर मावशींनी आधीच सांगून टाकलं, "दरवेळी त्याईची फ्रेमच काहून धराले लावता रे बाबू तुमी? मले माह्या कापसासंग काढ."

मला खूप लागलं ते. एक लाखाची सरकारी मदत मिळायला प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं, मावशींचं अपात्र ठरलं कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर. एवढे फोटो निघाले, त्यातला एकही त्या फाइलीच्या कामाचा नव्हता. आणि त्यांचे स्वतःचे फोटो म्हणजे आधार आणि निराधारच्या फॉर्मवरचे, बस.

मग छपरीत बसलो. अंगणातल्या उन्हाचा उजेड आत येत होता, चेहऱ्याला तोच चांगला, भर उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात अन माणूस उगाच दुःखी दिसतो. ५० एमएमची लेन्स, मीही जमिनीवरच, उभ्यानं वरून काढला की समोरचा बिचारा वाटायला लागतो. मावशी कापसाच्या ढिगाला टेकल्या, वेचणीची ओटी तशीच बांधलेली. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, त्यांच्या नखांच्या कडेला सगळे बारीक ओरखडे, माती बसून काळ्या रेघा झालेले. "हात झाकू काय?" म्हटलं तुम्ही ठरवा. थोडा विचार केला आणि गुडघ्यावर तसेच ठेवले.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' हा एका गरीब मजूर आईचा गाजलेला फोटो १९३६ चा, तिनं त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये. मावशींचं नाव मी इथं लिहीत नाहीये कारण त्यांनीच नको म्हटलं, पण विचारलं.

परवा प्रिंट हातात घेऊन मावशी बराच वेळ गप्प होत्या.

"माह्या मायवानी दिसतो मी."

मायचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. प्रिंट रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "अजून एक आणजो, वर्ध्याच्या पोरीले द्याले."