सिटी १७ चा चित्रकार

चित्रकलेत तुमचा आदर्श कोण, असे विचारणाऱ्याला साधारणपणे एखाद्या संग्रहालयात टांगलेल्या नावाची अपेक्षा असते. माझे उत्तर व्हिक्टर अँतोनॉव्ह हे आहे, आणि ते ऐकल्यावर पुढे थोडा खुलासा करावा लागतो, कारण या चित्रकाराचे सर्वांत गाजलेले काम व्हिडिओ गेमसाठी झालेले आहे. बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे १९७२ साली जन्मलेले, तरुणपणीच पॅरिसला गेलेले आणि पुढे अमेरिकेत या व्यवसायात शिरलेले अँतोनॉव्ह हे व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ २’ या २००४ सालच्या गेमचे कलादिग्दर्शक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या गेमची सुरुवात एका रेल्वे स्थानकावर होते. परक्या शक्तीने पृथ्वी जिंकून घेतली आहे एवढे ऐकून आलेला खेळाडू गाडीतून उतरताना काहीतरी अद्भुत दिसण्याची वाट पाहत असतो. त्याला दिसते ते उंच छताचे, कळकट, पूर्व युरोपातल्या कोणत्याही शहरात शोभेल असे जुने स्थानक, आणि बाहेर पडल्यावर गिलावा उडालेल्या इमारती, डोक्यावरून गेलेल्या तारा, अंधारे जिने आणि मुलांवाचून ओस पडलेले एक क्रीडांगण. हे शहर, म्हणजे सिटी १७, उभे करताना अँतोनॉव्ह यांच्यासमोर त्यांचे स्वतःचे सोफिया होते, त्याबरोबर बेलग्रेड आणि सेंट पीटर्सबर्गही होते. एकामागून एक राजवटींनी आपापल्या इमारती जिथे जुन्यांच्या शेजारी आणून ठेवल्या, अशा शहरात वाढलेल्या मुलाला परकी सत्ता कशी दिसते हे कल्पनेने ठरवावे लागले नसावे, असे मला नेहमी वाटते.

आणि मग याच ओळखीच्या शहराच्या मधोमध सिटाडेल हा मनोरा उभा राहतो, ज्याचे टोक ढगांत हरवलेले असते. निळसर काळा धातू, तिरक्या कडा, खिडकी नाही, नक्षी नाही. मला सर्वांत भेदक वाटते ते हे, की त्या धातूत माणसाच्या शरीराचे माप कुठेच सापडत नाही. जुन्या इमारतीच्या पायरीला पावलाचे माप असते, कठड्याला हाताचे असते, दाराला उंचीचे असते. सिटाडेलला आणि त्याच्याबरोबर आलेल्या भिंतींना आपण तिथे आहोत याची दखलच नसते. त्या भिंती हळूहळू पुढे सरकत जुनी घरे कुरतडत जातात. नवे आणि जुने यांचा मिलाफ साधणारी चित्रे पुष्कळ आहेत, परंतु इथे मिलाफ नाहीच. एकाने दुसऱ्याला दात लावलेले आहेत. शिवाय तो मनोरा शहरातून इतक्या ठिकाणांहून दिसतो की खेळाडूला आपण कुठे आहोत आणि अजून किती जायचे आहे हे नकाशावाचून कळते. शोभा, कथा आणि वाट दाखवणे ही तिन्ही कामे एका आकाराकडून करून घेणे, याला मी चित्रकाराची बुद्धी म्हणतो.

२०१२ च्या ‘डिसऑनर्ड’ या गेममधले डनवॉल हे शहरही त्यांच्याच देखरेखीखाली घडले. लंडन आणि एडिंबरो यांच्या छायेत वाढलेल्या या शहराची सारी ऊर्जा देवमाशाच्या तेलातून येते, आणि ही एकच गोष्ट मान्य केली की नदीतली शिकारी जहाजे, कत्तलखाने, रस्त्यावरचे दिवे, विजेची प्राणघातक फाटके हे सगळे ओघाने येते. लांब यांत्रिक पायांवर चालणारे पहारेकरी तर विसरता येत नाहीत. तरीही खरे सांगायचे तर डनवॉल मला जरा जास्तच देखणे वाटते. सिटी १७ मधला रुक्षपणा तिथे नाही.

गेम बनण्याआधी त्यातले जग कागदावर कल्पून देणाऱ्या अशा चित्रकाराचे, म्हणजे कन्सेप्ट आर्टिस्टचे, चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचायचे नसतेच. ते संगणकावर त्रिमितीय आकार घडवणाऱ्या मॉडेलरकडे जाते, गेममधल्या जागा आणि वाटा रचणाऱ्या लेव्हल डिझायनरकडे जाते, त्यातले काही वापरले जाते, बरेचसे बाजूला पडते, आणि रांगोळी भरून झाल्यावर ठिपके दिसेनासे व्हावेत तसे शेवटी मूळ रेखाटन नाहीसे होते. लाखो लोक त्या रस्त्यांवरून धावले असतील, पण तो जिना तिथेच का, तो खांब तेवढाच उंच का, हे कोणीतरी आधी कागदावर ठरवले होते याचा विचार त्यांतल्या फार थोड्यांनी केला असेल.

मी दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांसाठी चित्रे काढतो, आणि या माणसाकडून घेतलेली सवय म्हणजे अद्भुताला सर्वांत शेवटी हात लावायचा. परळच्या बाजूला गिरणीचे जुने धुरांडे आणि काचेचे टॉवर एकाच चौकटीत मिळतात. तिथे वही उघडली की मी टॉवरपासून सुरुवात करत नाही. आधी मीटरच्या पेट्या, गंजलेले पाइप, टपरीवरची निळी ताडपत्री, कठड्यावरच्या कुंड्या. या वस्तूंचे वजन कागदावर नीट उतरले, की मागची काच आपोआप परकी दिसू लागते आणि तिच्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

एका संपादकांनी शंभर वर्षांनंतरची मुंबई मागितली होती. मी चाळीची गॅलरी काढली: दोरीवर कपडे, पाण्याचे पिंप, दाराशी चपला, आणि तिसऱ्या मजल्यावर ती गॅलरी अर्ध्यात कापून आरपार गेलेली एक गुळगुळीत, बिनखिडक्यांची भिंत. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिले आणि यात यान कुठे आहे असे विचारले. मी त्यांना कापलेल्या कठड्याशी तशीच राहिलेली कुंडी दाखवली, भिंतीखाली अर्धी गेलेली चप्पल दाखवली. चित्र त्यांना पटले आणि ते पानभर छापलेही गेले. फक्त मथळ्याशेजारी एक लहानसे यान मला काढून द्यावेच लागले.